फानसाची काच

धुळ्यात आषाढाच्या सरी पडून गेल्या, की संध्याकाळी दिव्यांभोवती पाखरांची दाटी होते. दुकानाच्या पाटीवरील ट्यूबखाली सकाळी पंखांचा खच दिसतो. ज्या घरांत देवापुढे तुपाचा दिवा लागतो, तेथील जाणती माणसे या दिवसांत एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहतात. ज्योत उघडी राहू नये. फानसाची योजना त्यासाठीच आहे. पितळेची, जर्मन सिल्व्हरची किंवा सागवानी चौकट, तीन-चार बाजूंना काच, पुढे कडी असलेले छोटे काचेचे दार आणि वर धूर जाण्यास भोके अथवा बारीक जाळी. ज्योत आत, पाखरू बाहेर. देरासरातील अखंड दीप असो वा घरातील गोखल्यातला सकाळ-संध्याकाळचा दिवा असो, जयणेचा हा सर्वांत साधा आणि स्वस्त उपाय म्हणावा लागेल.

अडचण सुरू होते ती काचेपाशी. पंधरा दिवसांत काचेचा वरचा भाग तपकिरी होतो, महिन्याभरात काळा. उजेड मंदावतो. मग दर्शनाला उभे राहिलेले कोणीतरी, भगवंतांचे मुख नीट दिसावे म्हणून, सहज कडी काढते. पुढचा माणूस ते दार तसेच सोडतो. जाणूनबुजून कोणी काही करीत नाही. परंतु सकाळी निरांजनाच्या तुपात दोन पाखरे आढळतात. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या चौविहार पाळला, पाणी गाळल्यावाचून वापरले नाही, त्या घरात केवळ काच काळी राहिली म्हणून हे घडावे, ही खंत मोठी आहे. काचेची सफाई हे म्हणूनच नुसते टापटिपीचे काम नाही.

स्थानकवासी व तेरापंथी घरांत मूर्तिपूजा नाही, तेव्हा देवापुढच्या फानसाचा प्रश्न तेथे येत नाही. पण वीज गेली की माळ्यावरून उतरणारा कंदील तेथेही आहे, आणि काजळीला संप्रदाय कळत नाही.

या कामावरून घराघरांत एक लहानसा वाद ठरलेला असतो. सूनबाई काच पुसण्याच्या निळ्या पाण्याची बाटली मागवतात. सासूबाईंना तिचा उग्र दर्प देवापाशी नको असतो. ‘राखेने घासा, आरशासारखी होते,’ असे त्या सांगतात. सूनबाई एकदा ऐकतात, चुलीजवळची राख उचलून काच घासतात, आणि काचेवर असे बारीक ओरखडे उठतात की दिवा लावल्यावर ते कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. राखेचे नाव त्या दिवशी बाद होते. वास्तविक सासूबाई चुकलेल्या नसतात. त्यांच्या काळी राख चाळली जात असे, ही गोष्ट तेव्हा इतकी उघड होती की ती शब्दांत सांगण्याची आठवणच त्यांना राहत नाही. दुसऱ्या बाजूने सूनबाईंच्या बाटलीतही खोड आहे. अशा पुष्कळ द्रवांत मद्यार्क असतो. पेटत्या दिव्याशेजारी तो फवारणे धोक्याचे, आणि जळलेल्या तुपाचा चिकट थर त्याने पुरता निघतही नाही. नुसता पसरतो.

सफाईकडे वळण्यापूर्वी काच काळी का होते, हे समजून घेतलेले बरे. तूप किंवा तेल पूर्ण जळण्यास पुरेशी हवा लागते. हवा कमी पडली की इंधनातील कार्बन जळून न जाता बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतो, तीच काजळी. तिच्यासोबत अर्धवट जळलेल्या तुपाची वाफ असते. ती काचेला लागून गोठते आणि काजळीला डिंकासारखी धरून ठेवते. म्हणून फानसाची काजळी हात फिरवून निघत नाही. वात फार मोठी काढली, तर ज्योत उंच होते, तिला लागणारी हवा मिळत नाही आणि टोकावर धुराची शेपटी दिसते. तुपात पाण्याचा अंश असला तर वात तडतडते, ज्योत थरथरते, काजळी वाढते. छताचा पंखा चालू असला तरी तेच. आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे वरची जाळी. तिची छिद्रे काजळीने बुजतात, धूर अडतो, खालून नवी हवा येईनाशी होते, म्हणून ज्योत अधिक धुरकटते आणि जाळी आणखी बुजते. काच वरचेवर पुसूनही आठवड्यात काळी पडत असेल, तर निम्म्याहून अधिक वेळा अपराधी ही जाळी असते.

हाच व्यवहार मोठ्या प्रमाणावर थंड देशांत दिसतो. इंग्लंड-अमेरिकेत घर ऊबदार ठेवण्यासाठी लाकडे जाळण्याची लोखंडी शेगडी असते आणि तिच्या पुढच्या दाराला काच बसवलेली असते. आपली कितीतरी कुटुंबे आता त्या देशांत राहतात, तेव्हा धुळे-जळगावच्या अनेक आजी-आजोबांनी मुलाकडे गेल्यावर ही शेगडी पाहिली असेल. ओले लाकूड घातले किंवा हवेची झडप आवळून ठेवली, की तिची काच एका रात्रीत काळी होते. चांगल्या शेगडीत काचेच्या आतल्या अंगाने हवेचा पडदा खाली वाहत राहील अशी फट ठेवलेली असते, म्हणजे धूर काचेला शिवत नाही. आणि एवढ्या सोयी असूनही तेथील गृहस्थ ही काच पुसतो ती फुकटच्या उपायाने: वर्तमानपत्राचा बोळा किंचित ओला करायचा, शेगडीतल्याच मऊ राखेत बुडवायचा, काच चोळायची आणि कोरड्या कागदाने पुसून घ्यायची. खानदेशातील सासूबाईंचा उपाय आणि हा उपाय यांत अंतर फक्त कागदाचे आहे.

ते अंतर मात्र आपल्याकडे लहान नाही. छापलेले अक्षर म्हणजे ज्ञानाचे उपकरण. त्यावर पाय पडला तरी मस्तकाला हात लावून क्षमा मागणारी, वर्तमानपत्रावर जेवण न वाढणारी घरे आजही पुष्कळ आहेत. ज्ञानपंचमीला पोथीपुढे गव्हाची गहुली काढायची आणि एरवी अक्षरांच्या बोळ्याने काजळी पुसायची, हे जमत नाही. ती आशातना होय. त्यामुळे परदेशचा उपाय येथे आणताना कागद सोडावा आणि जुन्या धोतराचे किंवा मलमलीच्या साडीचे फडके घ्यावे. नुकसान काहीच नाही. उलट अनेक धुण्यांनी मऊ झालेले सुती फडके काजळी अधिक धरते, आणि कापसाच्या या मुलखात त्याला तोटा नाही.

राखेत असे काय असते, हाही प्रश्न रास्त आहे. लाकडाच्या राखेत कॅल्शियम व पोटॅशियम यांचे क्षार असतात. पोटॅशियमचे नावच ‘भांड्यातली राख’ अशा अर्थाच्या जुन्या युरोपीय शब्दावरून पडले आहे. राख ओली झाली की हे क्षार पाण्यात उतरतात आणि काचेवरच्या तुपकट थराशी मिळून त्याचा साबण करतात. डिंक सुटला की काजळी आपोआप सुटते. शिवाय राखेचा मऊ कण काचेहून नरम असतो. तो घासतो, पण कोरत नाही. कोरते ती राखेत मिसळलेली वाळू, कारण वाळूचा कण काचेहून कठीण असतो. चुलीच्या तळची, जमिनीवरून झाडून घेतलेली राख म्हणूनच घातक. मध्ययुगात मध्य युरोपातील कारागीर लाकडाची राख आणि वाळू एकत्र वितळवून काच तयार करीत, ही गोष्ट येथे आठवते. जिने काच घडवली तीच काच उजळते.

जैन घराला राख परकी नाही. राखेने भांडी घासून धुतलेले पाणी अचित्त होते, तेच धोवण साधु-साध्वींना वहोरावता येते, म्हणून स्थानकवासी घरांत राखेचा डबा अजून टिकून आहे. केशलोचाच्या वेळी बोटे निसटू नयेत म्हणून राखच लागते. गॅस आल्यावर ज्या घरांतून राख गेली, त्यांनी असा डबा असलेल्या शेजारघरी वाटीभर मागावी. नाही म्हणणारे कोणी भेटणार नाही. आखाजीला खापरावर मांडे करण्यासाठी जेथे अद्याप चूल पेटते, तेथील राख वैशाखातच जमा करून ठेवावी. तेव्हा ती कोरडी असते आणि चातुर्मासभर पुरते. बाभूळ, कडुनिंब, पऱ्हाट्या, कशाचीही राख चालेल. गोवरीच्या राखेत माती-वाळू बरीच असते, ती दोनदा चाळावी. दगडी कोळशाची राख घेऊ नये. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड किंवा कचरा जाळून झालेली राख देवाच्या कामाला नव्हे, कोणत्याच कामाला घेऊ नये.

एक सावधगिरी येथेच सांगावी लागते. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दिवसभर जिवंत राहू शकतो. राख पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, फरशीवर दोन दिवस ठेवल्याखेरीज तिला हात लावू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच भरू नये. पूर्ण गार झाल्यावर ती मैद्याच्या चाळणीतून आणि मग मलमलीतून चाळावी. चिमूटभर राख अंगठा व तर्जनी यांत चोळून पाहावी. पावडरीसारखी लागली तर योग्य. कचकच लागली तर पुन्हा चाळावी.

प्रत्यक्ष सफाई सकाळी, काच पूर्ण गार असताना करावी. दिवा विझल्याबरोबर ओले फडके लावले तर साधी काच तडकते. शेगडीची काच उष्णतेने जवळजवळ न प्रसरणारी, खास बनावटीची असते. आपल्या फानसात खिडकीचीच काच असते, हे विसरू नये. अखंड दीप असेल तर त्याच ज्योतीवरून दुसऱ्या फानसात वात लावून घ्यावी, म्हणजे काम घाईत होत नाही. प्रथम पूंजणीने फानसाचे कोपरे, बिजागऱ्या आणि जाळी हळुवार पुंजून घ्यावी. रात्री आश्रयाला आलेला एखादा जीव तेथे दडलेला असतो. त्याला सावलीत सोडावे. मग कोरड्या फडक्याने सुटी काजळी टिपून घ्यावी. येथे बहुतेकांची चूक होते. पहिल्याच झटक्यात पाणी लावले, तर काजळीचे काळे चिखल होते आणि ते चौकटीच्या खाचांत शिरते. कोरडे काम जितके नीट, तितके पुढचे थोडे.

त्यानंतर पाव वाटी गाळून उकळलेल्या कोमट पाण्यात फडक्याचे टोक भिजवून घट्ट पिळावे, राखेवर टेकवावे आणि काचेवर गोल गोल फिरवावे. जोर नको. डाग तपकिरी व जाड असेल तर ती ओली राख काचेवर दहा मिनिटे तशीच राहू द्यावी. तेवढ्यात क्षार आपले काम करतात. नखाने, सुरीने किंवा तारेच्या घासणीने डाग खरवडू नये. शेवटी दुसरे ओलसर फडके, आणि तिसरे कोरडे. इतकेच. राखेचे पाणी मोरीत न ओतता कोरड्या, ऊन असलेल्या मातीवर जयणेने परठवावे. सगळ्याला मिळून वाटीभर पाणी लागत नाही, आणि पाण्याची किंमत खानदेशाला कोणी शिकवायला नको.

ओली राख काचेपुरतीच ठेवावी. अॅल्युमिनियमच्या चौकटीला क्षार खातात, मुलामा आणि वर्ख यांचा तर रंगच जातो. हाताची त्वचा नाजूक असेल त्यांनी नंतर हात धुऊन थेंबभर तेल लावावे. राख मिळालीच नाही, तर चमचाभर खाण्याचा सोडा त्याच रीतीने वापरता येतो. काम थोडे सावकाश होते. लिंबू मात्र या कामी निरुपयोगी आहे. ते तांब्या-पितळेचा डाग काढते म्हणून काचेवरही चोळले जाते, पण काजळीवर आंबटाचा परिणाम होत नाही. फळ वाया जाते.

कंदिलाची काच ही या सर्वांची थोरली बहीण. एके काळी भारतात कंदील अमेरिका-जर्मनीहून येत. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना काढला, आणि १९१६ साली कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत, ओगले बंधूंनी आपला कारखाना सुरू केला. तेथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला. १८१९ नंतर कॅप्टन ब्रिग्जच्या आखणीने वाढलेल्या धुळ्याच्या क्रमांकित गल्ल्यांतील पेढ्यांवर मुनीम रोजमेळ लिहीत बसत, तो उजेड अशाच कंदिलांचा. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकत, आणि त्याच्याही आधी घरातील लहान मुलाकडे काच घासण्याचे काम असे, कारण काचेच्या पोटात त्याचाच हात जाई. आता हात न घालता काडीला फडके गुंडाळून ते करावे. पातळ काच आतून फुटली तर मनगट कापते.

त्या पेढ्यांवर काच रोज घासली जाई, यात शिस्तीइतकाच हिशेबही होता. काच मळली की उजेड कमी पडतो. उजेड कमी पडला की माणूस वात वर काढतो. वात वर गेली की घासलेट अधिक जळते, आणि अर्धे जळलेले पुन्हा काचेवर जाऊन बसते. म्हणजे तेलाचा खर्च वाढूनही अंधार वाढतो. तुपाच्या दिव्यालाही हाच हिशेब लागू आहे. फडके आणि राख यांना पैसा पडत नाही, फवाऱ्याची बाटली दर दोन-तीन महिन्यांनी नवी लागते, आणि मळलेल्या काचेआड जळणारे जादा तूप कोणत्याच वहीत लिहिले जात नाही. व्यापारी घराने निदान तो आकडा तरी डोळ्यांआड करू नये.

जाता जाता काजळीच्या बाजूनेही एक शब्द. जुन्या पोथ्यांची शाई दिव्याच्या काजळात डिंक खलून तयार होत असे. कार्बन उन्हाने उडत नाही, काळाने विटत नाही. म्हणून ज्ञानभांडारांतील शेकडो वर्षांपूर्वीची अक्षरे आजही काळीभोर आहेत. जो गुण पोथीला तारतो, तोच काचेवर नडतो. तुपाच्या दिव्यावर पालथी वाटी धरून काजळ पाडणाऱ्या बायकांना हे पुस्तकावाचून ठाऊक होते: वाटी ज्योतीला जितकी जवळ, तितके काजळ जास्त. फानस घेताना तेवढे पाहावे. ज्योतीच्या टोकापासून छत वीतभर तरी उंच आणि बाजूची काच चार बोटे तरी दूर हवी. बाजारात शोभेसाठी मिळणारी अरुंद फानसे या कसोटीला उतरत नाहीत. त्यांची काच कोणत्याही राखेने फार दिवस स्वच्छ राहणार नाही.

राहिली वातीची गोष्ट. वात हातची, घट्ट वळलेली असावी आणि तुपाबाहेर गव्हाच्या दाण्याएवढीच दिसावी. जळलेले टोक रोज चिमट्याने काढावे. कंदिलाची चपटी वात सरळ कापून तिचे दोन्ही कोपरे किंचित छाटावेत. नाहीतर ज्योतीला दोन शिंगे फुटतात आणि काचेवर बरोबर दोन काळे पट्टे उठतात. तूप चांगले कढवलेले हवे. पौष-माघात धुळ्याच्या थंडीत ते थिजते, वातीपर्यंत पोहोचत नाही आणि कापूसच जळू लागतो. त्या दिवसांत तूप पातळ करून घालावे. एवढे सांभाळले तर चातुर्मासात आठवड्यातून एकदा आणि एरवी पंधरवड्याला काच पुसली तरी पुरते. जाळी मात्र दर खेपेस उजेडाकडे धरून पाहावी. छिद्रांतून आकाश दिसले पाहिजे. पर्युषणापूर्वी देरासरातील सगळी फानसे एका दिवशी उतरवून साफ करायची असतील, तर राख आदल्या दिवशीच चाळून ठेवलेली बरी, कारण त्या गर्दीत चाळणी कोणालाच सापडत नाही.

ओरखडलेली किंवा तडकलेली काच बदलण्यात आळस करू नये. फटीतून बारीक जीव सहज आत जातो. आग्रा रोडच्या आसपास काच कापून देणारे दुकान कोणालाही विचारले तरी सापडते. तेथे जुनी काच नमुन्याला न्यावी आणि नवी चौकटीच्या मापापेक्षा एक सूत कमी कापून घ्यावी. दिवा लागल्यावर काच तापून थोडी वाढते. तिला तेवढी जागा ठेवली नाही, तर नवी काचही पहिल्याच संध्याकाळी जाते.